दुबईच्या मॉलमध्ये मुलांना घेऊन जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुबईत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांकडून हे प्रश्न सतत येतात. जून ते सप्टेंबर बाहेर चाळिशीच्या वर पारा असतो. त्या काळात मूल खेळायला न्यायचं तर मॉलशिवाय फारसा पर्याय उरत नाही. म्हणून मॉलकडे खरेदीपेक्षा मुलांचं अंगण म्हणून पाहिलेलं बरं.

१. पहिल्यांदाच जातोय. कोणता दिवस, कोणती वेळ धरावी?

बहुतेक मॉल सकाळी १०ला उघडतात. तीन-चार वर्षांपर्यंतचं मूल असेल तर १० ते साडेबारा ही सर्वांत चांगली वेळ. लिफ्टला रांग नसते, खेळण्याच्या जागा मोकळ्या असतात आणि दुपारच्या झोपेपर्यंत घरी पोचता येतं. जानेवारी २०२२पासून इथली साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत गर्दी वाढत जाते. सुट्टीच्या दिवशीच जमत असेल तर रविवारची सकाळ धरा. दुबई शॉपिंग फेस्टिव्हलच्या हिवाळी दिवसांत आणि समर सरप्रायझेस या उन्हाळी सेलच्या काळात हा हिशेब कोलमडतो. तेव्हा संध्याकाळी पाचनंतर लहान मूल घेऊन मोठ्या मॉलमध्ये शिरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

२. इतके मॉल आहेत. मुलाच्या वयाप्रमाणे कोणता निवडावा?

चालायला नुकतं लागलेलं मूल असेल तर घराजवळचा छोटा मॉलच बरा. करामा किंवा बर दुबईत राहणाऱ्यांना बुर्जुमान जवळ पडतो आणि मेट्रोच्या लाल व हिरव्या मार्गिका तिथेच मिळतात. बाबागाडी ढकलायची असेल तर इब्न बतूता मॉल सोयीचा, कारण तो लांबलचक असला तरी जवळपास सगळा एकाच मजल्यावर आहे. मॉलला ज्याचं नाव दिलंय त्या चौदाव्या शतकातल्या प्रवाशाच्या वाटेवरच्या सहा प्रदेशांची दालनं तिथे आहेत: अंदालुसिया, ट्युनिशिया, इजिप्त, पर्शिया, भारत, चीन. भारताच्या दालनातलं भलंमोठं हत्ती-घड्याळ मुलं हमखास थांबून पाहतात. हाच इब्न बतूता आपल्या दौलताबादलाही येऊन गेला होता, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

सहा-सात वर्षांपुढे मुलांना दुबई मॉल आणि मॉल ऑफ द एमिरेट्स आवडू लागतात. दुबई मॉलमध्ये बाराशेहून जास्त दुकानं आहेत. सगळं दाखवायच्या नादात पडलात तर दोन तासांत मूल रडकुंडीला येतं आणि तुम्हीही. एका फेरीत एकच गोष्ट ठरवा, मासे किंवा बर्फ (प्रश्न १२), आणि ती झाली की घरी.

३. मेट्रोने जावं की गाडीने? मेट्रोत बाबागाडी चालते का?

चालते, आणि प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. मोठ्यांना सिल्व्हर नोल कार्डावर (मेट्रोचं प्रवासकार्ड) एका झोनमध्ये ३ दिरहम, दोन झोनला ५ आणि त्यापुढे साडेसात दिरहम पडतात. रविवारी मेट्रो सकाळी ८लाच सुरू होते, हे लक्षात ठेवा.

अडचणी तीन. पहिली म्हणजे अंतर: बुर्ज खलिफा/दुबई मॉल स्टेशनपासून मॉलपर्यंतचा बंदिस्त पूल सुमारे ८०० मीटरचा आहे. सरकते पट्टे आहेत, तरी चालणाऱ्या मुलाबरोबर पंधरा मिनिटं धराच. दुसरी अडचण खाण्याची. मेट्रोत खाणं-पिणं दोन्ही मना आहे आणि दंड १०० दिरहमचा. बिस्किटाचा पुडा स्टेशनबाहेरच संपवा. तिसरी अडचण वडिलांची. गाडीच्या एका टोकाला महिला आणि मुलांसाठी राखीव डबा असतो. आई मुलाला घेऊन तिथे बसू शकते, पण मूल कडेवर आहे म्हणून बाबांना तिथे उभं राहता येत नाही. त्यांनाही १०० दिरहमचा दंड होऊ शकतो. प्लॅटफॉर्मवरची गुलाबी खूण पाहून उभे राहा.

३१ डिसेंबरला मुलं घेऊन बुर्ज खलिफा/दुबई मॉल स्टेशनच्या भरवशावर निघू नका. गर्दीमुळे ते संध्याकाळीच बंद करतात.

४. टॅक्सीत लहान मुलाला मांडीवर घेऊन बसलं तर चालतं का?

आपल्याकडची ही सवय इथे मोडायला हवी. चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी गाडीत बालआसन सक्तीचं आहे. दहा वर्षांखालच्या किंवा १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला पुढच्या सीटवर बसवता येत नाही. आसन नसेल तर ४०० दिरहम दंड आहे. पण दंडाचं सोडा. शेख झायेद रस्त्यावरच्या वेगात अचानक ब्रेक लागला तर कुणाच्याही हातात मूल राहत नाही. टॅक्सी ॲपमध्ये बालआसन असलेली गाडी वेगळी निवडता येते, मात्र ती यायला वेळ लागतो. म्हणून परतीची गाडी मूल बूट घालत असतानाच मागवा.

५. दुबई मॉलचं पार्किंग फुकट नाही का?

१ जुलै २०२४पासून ग्रँड, सिनेमा आणि फॅशन या पार्किंगना शुल्क आहे. फाटक नाही, तिकीट नाही. गाडीचा नंबर कॅमेरा टिपतो आणि पैसे सालिक (रस्त्याच्या टोलच्या) खात्यातून कापले जातात. सोमवार ते शुक्रवार पहिले ४ तास आणि शनिवार-रविवार पहिले ६ तास मोफत असतात. कामाच्या दिवशी पाचव्या तासापर्यंत २० दिरहम आणि सहाव्यापर्यंत ६०, म्हणजे आकडा झपाट्याने चढतो. झबील आणि फाउंटन व्ह्यूज ही पार्किंगं शुल्कातून वगळली होती. इतर मॉलचे नियम वेगळे आहेत, प्रवेशाजवळची पाटी वाचा.

मोफत वेळ पुरत नाही याचं कारण बहुतेकदा गाडी न सापडणं हेच असतं. उतरल्या उतरल्या खांबावरचा मजला, रंग आणि क्रमांक यांचा फोटो काढा. आत शिरलात त्या दाराशेजारचं दुकानही टिपा. मॉलच्या आतून पार्किंग शोधताना तेच उपयोगी पडतं.

६. बरोबर काय न्यावं?

पातळ स्वेटर किंवा जाकीट. बाहेर आग पाखडत असते आणि आत एसी इतका गार की घामाने भिजलेल्या मुलाला पंधरा मिनिटांत शिंका सुरू होतात. एक जोडी जाडसर मोजे हवेत, कारण खेळण्याच्या जागी मोज्यांशिवाय आत सोडत नाहीत आणि तिथे विकत घेतले तर महाग पडतात. कपड्यांचा एक जोड, ओले वाइप्स, पाण्याची बाटली. मुलाचा एमिरेट्स आयडी (इथलं रहिवासी ओळखपत्र) आणि विम्याचं कार्ड यांचा फोटो फोनमध्ये असू द्या. सिनेमाला जायचं असेल तर मूळ आयडीच न्या (प्रश्न १३).

७. सरकत्या जिन्यावर बाबागाडी नेता येते का? सगळे तर नेतात.

सगळे नेतात, पण नियम आणि सुरक्षा दोन्ही दृष्टींनी ते चूक आहे. जिना संपतो तिथे पायरी दातेरी पट्टीखाली जाते. बाबागाडीची पुढची चाकं तिथे अडतात, मागून येणारी माणसं आदळतात आणि गाडी उलटते. लिफ्टला दहा मिनिटं लागली तरी थांबा. मूल पायावर चालत असेल तर ते जिन्याच्या मधोमध उभं राहील असं पाहा. पायरी आणि कडेची भिंत यांच्यामध्ये फट असते, तिथला ब्रश बूट दूर राहावा म्हणूनच लावलेला असतो. मऊ रबरी सॅंडल आणि सुटलेली बुटाची नाडी त्या फटीत सर्वांत आधी ओढली जाते. जिन्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला तांबडं बटण असतं. काही अडकलं तर ओढाताण करण्याआधी ते दाबा.

८. बाळाला दूध पाजायला, डायपर बदलायला जागा मिळते का?

मोठ्या मॉलमध्ये प्रसाधनगृहांजवळ आईसाठी स्वतंत्र खोली असते: खुर्ची, बदलायचं टेबल, बेसिन. कुटुंबाची खोली असेल तर वडीलही बाळाला घेऊन आत जाऊ शकतात. फक्त महिलांच्या खोलीत मात्र नाही. प्रसाधनगृहात पाण्याचा जेट असतोच, त्यामुळे लहान मुलांची सोय होते. फरशी ओली असते, तेव्हा मुलाला एकटं धावू देऊ नका.

९. आम्ही शाकाहारी आहोत. मुलाला फूड कोर्टमध्ये काय चालेल?

भारतातल्या पाकिटावर हिरवा ठिपका पाहून घ्यायची सवय असते. तो नियम भारताचा आहे. इथल्या आणि युरोपातून येणाऱ्या पाकिटांवर तो नसतो. हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे. मुलांच्या हातात पटकन येणाऱ्या चघळायच्या गोळ्या, मार्शमेलो, काही दही आणि जेली यांत जिलेटिन असतं, आणि हलाल जिलेटिन बहुधा गाईचं असतं. घटकांच्या यादीत ‘जिलेटिन’ शब्द शोधा. ‘पेक्टिन’ लिहिलं असेल तर ते फळातून येतं, चालतं.

काउंटरवर विचारताना ‘व्हेज आहे का’ एवढ्याने भागत नाही. बटाट्याच्या काड्या चिकनच्याच तेलात तळता का, सूपमध्ये चिकन स्टॉक आहे का, असं थेट विचारा. विक्रेते बरेचदा भारतीय उपखंडातले असतात, हिंदीत विचारलंत तर उत्तर जास्त नेमकं मिळतं. अंडं चालत नसेल तर ते वेगळं सांगावं लागतं. केकच्या दुकानात ‘एगलेस’ हा शब्द सगळ्यांना कळतो.

१०. घरचा डबा नेला तर कुणी हटकतं का?

बाळाचं खाणं, मऊ भात, दूध यावर कुणी काही म्हणत नाही. मोठ्यांचा डबा फूड कोर्टच्या टेबलावर उघडला तर मात्र हटकतात, कारण त्या खुर्च्या तिथल्या दुकानदारांच्या गिऱ्हाइकांसाठी असतात. बाळासाठी गरम पाणी कॉफीच्या दुकानात मागा. सहसा नाही म्हणत नाहीत.

११. मूल गर्दीत दिसेनासं झालं तर नेमकं काय करायचं?

तयारी घरातून निघताना करायची. त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचा पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढा. घाबरलेल्या आईबाबांना टी-शर्टचा रंग आठवत नाही, आणि सुरक्षारक्षक तोच आधी विचारतो. मुलाच्या मनगटावर पट्टी बांधा किंवा खिशात चिठ्ठी ठेवा. तिच्यावर ९७१पासून सुरू होणारा पूर्ण क्रमांक लिहा, भारतातला नको. दोन्ही पालकांचे नंबर द्या, कारण शोधाशोधीत एकाचा फोन कायम व्यग्र लागतो.

मुलाला तीन गोष्टी पाठ करवा. पहिली, स्वतःचं कागदोपत्री नाव. घरात आपण चिमू, बाळू, सोनू म्हणतो आणि ध्वनिक्षेपकावरून आरोही कुलकर्णी असं नाव पुकारलं तर चिमूला ते आपलं वाटतच नाही. दुसरी, आईचं आणि बाबांचं नाव. ‘तुझ्या आईचं नाव काय’ याला ‘आई’ हे उत्तर रक्षकाच्या उपयोगाचं नाही. तिसरी, हरवलो की चालायचं नाही, तिथेच थांबायचं, आणि मदत मागायची ती काउंटरच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे किंवा लहान मुलं बरोबर असलेल्या बाईकडे.

दिसेनासं झाल्यावर एकाने शेवटचं दिसलं त्याच जागी थांबायचं. मुलं फिरून तिथे येतात. दुसऱ्याने जवळच्या रक्षकाला गाठायचं आणि फोटो दाखवायचा. रक्षकाकडे वॉकीटॉकी असते, आणि नियंत्रणकक्षात कॅमेरे पाहणारी माणसं तुमच्यापेक्षा लवकर शोधतात. दोघांनी दोन दिशांना धावत सुटणं ही नेहमीची चूक. मग मूल सापडतं, पण पालक सापडत नाहीत. शोधायची सुरुवात खेळण्याचं दुकान, पाणी आणि सरकता जिना या तीन जागांपासून करा. दहा मिनिटांत पत्ता लागला नाही तर ९९९वर पोलिसांना कळवा, त्यात संकोच नको. मूल पडलं, लागलं तर रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९८.

शाळकरी मुलांबरोबर भेटायची जागा आधी ठरवून ठेवा. ती हलणारी, बदलणारी नको. दुबई मॉलमध्ये सूर मारणाऱ्या माणसांच्या पुतळ्यांचा धबधबा ही चांगली खूण आहे. सवलतीचा फलक किंवा सणाची सजावट पुढच्या आठवड्यात तिथे नसते.

१२. पैसे न घालवता मुलांना काय दाखवता येईल?

दुबई मॉलमधल्या मत्स्यालयाची भलीमोठी काच बाहेरून फुकट दिसते. ती जवळपास ३३ मीटर रुंद आणि ८ मीटरहून उंच आहे, आतल्या टाकीत एक कोटी लिटर पाणी आहे. शार्क आणि रे मासे त्या काचेजवळून जातात. तीन वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. तिकीट काढून आतल्या बोगद्यात गेलात तर मोठ्या मुलांनाच त्याची मजा कळते. संध्याकाळी बाहेर कारंज्याचे खेळ होतात, तेही फुकट. पण खेळ संपला की सगळी गर्दी एकदम मेट्रोच्या पुलाकडे वळते. बाबागाडी असेल तर शेवटच्या खेळापर्यंत थांबू नका.

मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये स्की दुबईचा बर्फाचा उतार बाहेरच्या काचेतून दिसतो. काही मुलं तिथे अर्धा तास नाक लावून उभी राहतात. आत गेलात तर तापमान शून्याच्या थोडं खाली असतं. जाकीट आणि बूट तिकिटात मिळतात. हातमोजे आणि टोपी मात्र घरून न्या, आणि आत शिरण्याआधी मुलांना बाथरूमला नेऊन आणा. इतके थर उतरवणं म्हणजे वेगळाच कार्यक्रम.

पैसे भरून खेळायच्या जागी कार्डात रक्कम भरायची असते. उरलेली रक्कम परत मिळेल असं धरू नका. पहिल्या खेपेला सर्वांत छोटी रक्कम भरा आणि कार्डाची मुदत किती, ते विचारून ठेवा.

१३. मुलांना सिनेमाला नेलं आणि दारातच अडवलं. आम्ही पालक बरोबर असताना का?

कारण काही प्रमाणपत्रांना पालकांची सोबत चालत नाही. पीजी१३ असेल तर तेराखालचं मूल मोठ्यांबरोबर आत जाऊ शकतं. पण १५+, १८+ आणि २०२१च्या अखेरीस आलेलं २१+ यांत त्या वयाखालच्या कुणालाही सोडत नाहीत. कडेवरचं झोपलेलं बाळसुद्धा नाही. भारतात जो सिनेमा सगळ्यांनी एकत्र पाहिला, त्याला इथे वेगळं प्रमाणपत्र असू शकतं. तिकीट काढण्याआधी तेवढं पाहा. चौदा-पंधरा वर्षांच्या उंच मुलांकडे मूळ एमिरेट्स आयडी मागतात.

१४. रमजानमध्ये दिवसा मुलांना मॉलमध्ये न्यावं का? खायला मिळतं का?

मिळतं. २०२१पासून दुबईत उपाहारगृहांना दिवसा पडदे लावायची सक्ती उरलेली नाही. मुलांनी उपास धरावा अशी अपेक्षा कुणाचीच नसते. तरी मुलाला बसवून, बैठकीच्या जागेतच भरवा. मॉलभर फिरत मोठ्यांनी खाणं टाळा. सूर्यास्ताच्या वेळी मॉल एकदम ओस पडतो आणि इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी तुडुंब भरतो. दुकानं मध्यरात्रीनंतरही चालू असतात. लहान मुलांसाठी या महिन्यात सकाळच उत्तम.

१५. मुलांचे फोटो काढताना मागे दुसरी माणसं आली तर?

आपल्या मुलाचा फोटो काढायला हरकत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो किंवा व्हिडिओ काढणं आणि तो पसरवणं हा इथे गुन्हा ठरू शकतो, २०२१चा सायबर गुन्ह्यांचा कायदा त्यावर कडक आहे. दुसऱ्याची बायकामुलं चौकटीत येत असतील तर थांबा. कुणी आक्षेप घेतला तर वाद न घालता समोरच फोटो पुसून टाका. तुमच्या मुलाचा फोटो कुणी काढत असेल तर तुम्हालाही तेवढंच ठामपणे नाही म्हणता येतं.

१६. मूल गाडीतच झोपलं. एसी चालू ठेवून पाच मिनिटांत सामान घेऊन येऊ का?

नाही. इंजिन बंद पडलं किंवा मुलाने आतून कुलूप लावलं तर बंद गाडी मिनिटांत तापते. मुलांच्या हक्कांचा २०१६चा कायदा, ज्याला इथे वदीमा कायदा म्हणतात, मुलाकडे असं दुर्लक्ष करणं गुन्हा मानतो. झोपलेल्या मुलाला आसनासकट उचला, नाहीतर सामान मागवा. बहुतेक सुपरमार्केट घरपोच देतात.

१७. आजी-आजोबा व्हिजिट व्हिसावर आलेत. त्यांनी नातवंडांसाठी केलेल्या खरेदीवरचा व्हॅट परत मिळतो का?

इथे व्हॅट ५ टक्के आहे, आणि परतावा फक्त पर्यटकांना मिळतो. तुमच्याकडे रहिवासी व्हिसा असेल तर तुम्हाला नाही. आजी-आजोबांना मिळू शकतो, पण खरेदी त्यांच्या नावावर हवी. दुकान योजनेत असावं आणि बिल किमान २५० दिरहमचं असावं. पैसे देतानाच पासपोर्ट दाखवायचा, नंतर सांगून उपयोग नसतो. परत जाताना विमानतळावर सामान बेल्टवर टाकण्याआधी पडताळणी करून घ्यावी लागते, खरेदीपासून ९० दिवसांच्या आत. हातात येतो तो व्हॅटचा मोठा भाग, सगळा नाही, आणि त्यातूनही प्रत्येक बिलामागे ४ दिरहम ८० फिल्स वजा होतात. म्हणजे २५० दिरहमच्या बिलावर जेमतेम पाच दिरहम. मोठ्या खरेदीसाठीच हा खटाटोप करावा.

वस्तू देशाबाहेर जायला हवी, ही मुख्य अट. आजोबांनी घेतलेली सायकल नातवाकडे शारजात किंवा दुबईतच राहणार असेल तर परतावा मागता येत नाही. भारतातल्या भाचरांसाठी घेतलेलं खेळणं चालतं. ते वेष्टनासकट आणि न वापरलेलं ठेवा, कारण पडताळणीच्या वेळी वस्तू दाखवायला सांगू शकतात.